तेच का हे वाहन?

सन 2021 च्या ऑक्टोबर महिन्यात, उत्तर इटलीतील कोमो सरोवराच्या काठी चेर्नोब्बियो येथे, व्हिला द'एस्ते या जुन्या प्रासादाच्या आवारात दुर्मिळ मोटारींचा जो नामांकित मेळा भरतो, त्यात पिवळ्याधमक रंगाची, जमिनीलगत बसलेली आणि पुढच्या टोकाकडे पाचरीच्या आकाराने निमुळती होत गेलेली एक गाडी मांडण्यात आली. ज्याने मोटारींची जुनी छायाचित्रे थोडीफार चाळली असतील, अशा कोणालाही तिचे नाव विचारण्याची गरज पडू नये, इतके तिचे रूप परिचित होते : लाम्बोर्गिनी काउंटाच, एलपी 500. परंतु या नावाची एकच गाडी आजवर जगात निर्माण झाली होती. ती 1971 साली जन्माला आली, 1974 साली एका चाचणीत बुद्धिपुरस्सर आपटून फोडण्यात आली, आणि त्यानंतर तिचा मागमूस उरला नाही.

मग चेर्नोब्बियोला जी उभी होती, ती कोण? हा प्रश्न मोटारींच्या शौकिनांपुरता आहे असे मला वाटत नाही. वस्तूचे ‘तेच-पण’ कशात असते, तिच्या द्रव्यात, तिच्या आकारात, की काळाच्या ओघात न तुटलेल्या एखाद्या सूत्रात, या प्रश्नाशी आपल्या तत्त्वचिंतकांनी दोन सहस्र वर्षे झुंज घेतली. कारण आत्म्याचे अस्तित्व, पुनर्जन्माची संभाव्यता, मूर्तीचे देवत्व आणि कर्मफलाची जबाबदारी या साऱ्यांचा निर्णय अखेरीस याच एका प्रश्नाच्या निर्णयावर अवलंबून आहे. एका परदेशी मोटारीच्या कहाणीत हा प्रश्न जितका स्वच्छ, जितका निर्भेळ होऊन समोर येतो, तितका तो मनुष्याविषयी बोलताना येत नाही. मनुष्याच्या बाबतीत आपली माया आड येते.

प्रथम हकीकत नीट सांगितली पाहिजे. इटलीत मोटार बांधण्याची एक जुनी रीत होती, जीत कारखानदार चासी आणि इंजिन सिद्ध करी, आणि तिच्यावरचा देह घडवण्याचे काम तुरिन किंवा मिलान येथील एखाद्या स्वतंत्र पेढीकडे सोपवी. पूर्वीच्या घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांचा हा वारसा. पत्रा हाताने ठोकून त्याला बाक देणारे त्यांचे वंशज विसाव्या शतकातही तुरिनच्या परिसरात शेकड्यांनी काम करीत होते. नुच्चो बेर्तोने यांची पेढी ही त्या परंपरेतील अग्रगण्यांपैकी एक, आणि 1965 च्या सुमारास तिच्यात दाखल झालेला मार्चेल्लो गान्दिनी हा तरुण तिचा प्रमुख रेखाकार. फेरुच्चो लाम्बोर्गिनी या ट्रॅक्टर-कारखानदाराने 1963 मध्ये बोलोन्याजवळच्या सान्तागाता या गावी मोटारींचा कारखाना काढला, आणि त्याच्यासाठी याच पेढीने 1966 साली मिउरा ही गाडी सजवली. मिउरा सुंदर होती, लौकिकवान होती. पण तिचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले असल्यामुळे उष्णता, आवाज आणि गिअर बदलण्याची अडचण या तिन्ही तक्रारी तिला जडलेल्या होत्या.

या तक्रारींचे उत्तर पाओलो स्तान्झानी या अभियंत्याने शोधले, आणि त्या उत्तराची युक्ती अशी होती की तिच्याजवळ थोडे थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. बारा नळकांड्यांचे इंजिन त्याने उभे, म्हणजे गाडीच्या लांबीशी समांतर ठेवले. पण सामान्य रीतीप्रमाणे गिअरबॉक्स त्याच्या मागे न जोडता पुढे, चालक आणि सोबती यांच्या दोन आसनांमधील जागेत आणला, आणि चाकांकडे जाणारी शक्ती एका दांड्याने इंजिनच्या तळातील तेलाच्या भांड्यामधून पुन्हा मागे नेली. त्यामुळे गिअरची दांडी थेट चालकाच्या हाताखाली आली, वजन गाडीच्या मध्याकडे सरकले, आणि एवढे प्रचंड इंजिन असूनही गाडी आखूड राहिली. या आखूड, रुंद सांगाड्यावर गान्दिनीने जो देह चढवला त्यात पुढच्या नाकापासून काचेपर्यंत जवळजवळ एकच सलग उतार होता, आणि दरवाजे बिजागरीवर बाहेर न उघडता पुढच्या बाजूने वर उचलले जात. ही दरवाज्यांची कल्पना त्याने 1968 मध्ये अल्फा रोमेओच्या चासीवर केलेल्या काराबो या प्रायोगिक गाडीत आधी पारखून पाहिली होती. मार्च 1971 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात बेर्तोनेच्या दालनात ही गाडी उभी राहिली, तेव्हा ती केवळ एक कल्पना म्हणून मांडलेली होती. कल्पनेने लोकांच्या मनाची अशी पकड घेतली की तिला बाजारात आणणे कारखान्याला प्राप्तच झाले.

येथून त्या पिवळ्या गाडीचे खरे आयुष्य सुरू होते, आणि ते कष्टाचे आयुष्य आहे. प्रदर्शनाच्या दिव्यांखालून निघालेली ही गाडी बॉब वॉलेस या न्यूझीलंडहून आलेल्या चाचणी-चालकाच्या स्वाधीन करण्यात आली, आणि त्याने तिला रस्त्यांवर अक्षरशः राबवली. पाच लिटरचे इंजिन त्या राबवणुकीत टिकले नाही. त्याच्या जागी चार लिटरचे बसवण्यात आले. गान्दिनीने रेखलेल्या लहान जाळ्यांतून रेडिएटरला पुरेशी हवा मिळेना, तेव्हा तिच्या निर्दोष देहाला भोके पाडून, हवा ओढणारी नळकांडी बसवून निरनिराळे प्रयोग करण्यात आले. प्रत्येक प्रयोगाने ती अधिक कुरूप आणि तिच्यामागून येणारी गाडी अधिक समर्थ होत गेली. पत्र्याच्या तळावर उभारलेला तिचा सांगाडा पुढे सोडून देण्यात आला, आणि 1973 मध्ये जिनिव्हालाच दाखवलेल्या दुसऱ्या नमुन्यासाठी पोलादी नळ्यांचा जाळीदार सांगाडा योजण्यात आला. 1974 मध्ये एलपी 400 या नावाने गाडी गिऱ्हाइकांना मिळू लागली. पण त्यापूर्वी सरकारी मंजुरीसाठी टकरीच्या चाचणीचा दाखला आवश्यक होता. कारखाना लहान, मालकी नुकतीच परक्या हाती गेलेली, तिजोरी कृश; विकता येण्याजोगी नवी गाडी फोडून टाकणे परवडणारे नव्हते. तेव्हा ज्या गाडीचे काम आता संपले होते, तीच इंग्लंडला पाठवण्यात आली आणि तेथे आपटण्यात आली. जिला पाहून लोकांनी श्वास रोखले होते, तिची जागा भंगारात झाली. तिच्या पत्र्याचा एक तुकडाही कोणी ठेव म्हणून राखला नाही.

या कृत्यावर आज कोणी हळहळतो, कोणी चिडतो. मला मात्र ते कृत्य अनुचित वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे सांगण्यासाठीच ही सारी मांडणी आहे.

मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात सागल नगरीचा यवन राजा मिलिंद आणि नागसेन स्थविर यांचा जो संवाद आहे, त्यातले रथाचे उदाहरण बहुतेकांना ठाऊक असते. राजा रथातून आला आहे असे कळल्यावर नागसेन विचारतो : ईषा म्हणजे रथ काय? अक्ष म्हणजे रथ? चाके, जू, लगाम, यांपैकी कोणता एक रथ आहे? कोणताच नाही. मग या साऱ्यांची रास म्हणजे रथ काय? तेही नाही. या सर्वांपासून वेगळा असा कोणी रथ आहे काय? तोही सापडत नाही. तेव्हा रथ हा अवयवांच्या आधाराने वापरलेला एक व्यवहारशब्द आहे, एवढेच उरते. या मताप्रमाणे पाहिले तर एलपी 500 तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. जे होते ते पत्रे, नळकांडी, काच आणि कातडे. नैयायिकांना हे मान्य नव्हते. अवयवांत समवायसंबंधाने राहणारा अवयवी हा अवयवांहून भिन्न आणि सत्य पदार्थ आहे, असे ते म्हणत. पण त्याच नेमाने त्यांना हेही म्हणावे लागे की एक अवयव जरी निघाला तरी पहिला अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. म्हणजे वॉलेसने इंजिन बदलले त्याच दिवशी जिनिव्हाची गाडी संपली होती! न्यायाच्या या कठोर हिशेबात 1974 ची टक्कर ही केवळ शेवटची रुजवात ठरते.

वेदान्त्यांनी बौद्धांच्या क्षणिकवादाला उत्तर देताना प्रत्यभिज्ञेचा आश्रय घेतला. काशीत पाहिलेला देवदत्त मथुरेत भेटला असता ‘तोच हा’ अशी जी ओळख पटते, ती खोटी म्हणता येत नाही. म्हणून देश आणि काळ बदलले तरी टिकणारे काही असले पाहिजे. यावर बौद्धांनी दिलेले प्रत्युत्तर आपल्या प्रस्तुत विषयाला विलक्षण लागू पडते. कापलेले केस आणि नखे पुन्हा वाढल्यावर आपण ‘तेच हे केस’ म्हणतो. पण ते तेच नसतात, सादृश्यामुळे तेच भासतात. ओळख पटणे हा तेच असण्याचा पुरावा होऊ शकत नाही, कारण सादृश्यही तीच ओळख पटवते.

चेर्नोब्बियोच्या गाडीची कैफियत या कसोटीवर तपासून पाहू. 2017 च्या अखेरीस एका संग्राहकाने कारखान्याच्या इतिहास-विभागाला, पोलो स्तोरिको याला, विचारणा केली की ती हरवलेली गाडी पुन्हा घडवता येईल काय. होकार देण्यापूर्वी दप्तर उलगडण्यात आले : छायाचित्रे, जुने आराखडे, बैठकांची टिपणे, यांवरून तपशील जमवण्यात आला. टायर बनवणाऱ्या पिरेल्ली कंपनीने आपल्या पुराभिलेखांतून त्या वेळच्या टायरचे आराखडे आणि छायाचित्रे काढून तसेच टायर घडवले. रंग बनवणाऱ्या कंपनीने जुन्या नोंदींवरून त्या पिवळ्या छटेचे मिश्रण शोधून काढले. पत्र्याचा तळ जुन्या पद्धतीने बांधण्यात आला, देह हाताने ठोकून घडवण्यात आला, यांत्रिक भागांसाठी शक्य तेथे त्या काळचे सुटे भाग मिळवण्यात आले आणि जे मिळाले नाहीत ते नव्याने करण्यात आले. सर्व मिळून पंचवीस हजार तासांहून अधिक श्रम झाले. आणि या प्रयत्नातली एक गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. जुन्या गाडीच्या रेषा आणि घनाकार नेमके ठरवताना कारागिरांनी आधारासाठी जी गाडी अभ्यासली, ती त्यांच्या संग्रहालयातील 001 क्रमांकाची एलपी 400 होती. म्हणजे मूळ गाडीच्या पोटी जी पुढे जन्मली, तिच्याच मोजमापांवरून गेलेल्या मातेचे रूप पुन्हा उभे करण्यात आले.

मोटारींच्या व्यवहारात ओळखीचा निर्णय बहुधा क्रमांकावरून करतात. आपल्याकडेही वाहनाची नोंद होते तेव्हा चासी आणि इंजिन यांवर ठोकलेले आकडे कागदाशी ताडून पाहतात, आणि जुन्या गाड्यांच्या लिलावात हे आकडे जुळले की नाही यावर किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. हा नियम सोयीचा आहे, दप्तराला पुरेसा आहे. पण आकडा ठोकलेला पोलादाचा तुकडाच जेथे उरलेला नाही, तेथे तो मूक होतो. प्लुटार्कने सांगितलेल्या थिसियसच्या नौकेचे उदाहरण येथे लोक आठवतात. अथेन्सवासीयांनी तिची कुजलेली फळी काढून नवी बसवत बसवत ती जतन केली, आणि पुढे सतराव्या शतकात हॉब्जने विचारले की काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरी नौका बांधली तर खरी कोणती. पण आपली गाडी या दोन्ही पक्षांत बसत नाही. तिच्या फळ्या हळूहळू बदललेल्या नाहीत आणि जुन्या फळ्या कोणी राखूनही ठेवलेल्या नाहीत. मध्ये सत्तेचाळीस वर्षांची संपूर्ण रिक्तता आहे.

ही रिक्तताच निर्णायक आहे, असे मला आपल्या धर्मशास्त्राकडे पाहून वाटते. मूर्ती भग्न झाली तर काय करावे, याचा विचार आगमांनी आणि निबंधकारांनी बारकाईने केला आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या धर्मसिंधूतही जीर्णोद्धाराचे प्रकरण आहे. जीर्णोद्धाराच्या विधीचे मर्म असे की भग्न मूर्तीतील देवतत्त्व आधी विधिपूर्वक काढून घ्यायचे, जुनी मूर्ती जलात विसर्जित करायची, आणि नव्या मूर्तीत ते तत्त्व पुन्हा प्रतिष्ठित करायचे. पाषाण बदलतो, पण मध्ये एक क्षणही देवता निराश्रित राहत नाही. जगन्नाथपुरीला अधिक आषाढाच्या विशिष्ट वर्षी नवकलेवर होते, गेल्या खेपेस ते 2015 मध्ये झाले, तेव्हा जुन्या काष्ठमूर्तीतील ब्रह्मपदार्थ सेवक डोळे बांधून नव्या मूर्तीत ठेवतात. जपानात इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत पुन्हा बांधतात. 2013 मध्ये ते बासष्टाव्यांदा बांधले गेले, आणि जुन्या सुतारांच्या हाताखाली नवे सुतार तयार होत असल्यामुळे ते मंदिर जपानी माणसाला प्राचीनच वाटते. या सर्व उदाहरणांत द्रव्याला कोणी महत्त्व देत नाही. महत्त्व आहे ते हस्तांतरणाला : देणारा जिवंत असताना घेणारा उपस्थित असण्याला.

आता पाहा, 1971 च्या त्या पिवळ्या गाडीने आपले काही कोणाला दिले काय? दिले, सर्वस्व दिले. पण ते 2021 च्या गाडीला दिलेले नाही. तिने आपली दुबळी जागा दाखवून दिली म्हणून नळ्यांचा सांगाडा आला; ती तापली म्हणून पुढच्या गाड्यांना हवा मिळाली; ती फुटली म्हणून तिच्या धाकट्या बहिणींना रस्त्यावर येण्याचा परवाना मिळाला. 1990 पर्यंत सान्तागाताच्या कारखान्यातून ज्या सुमारे दोन हजार काउंटाच बाहेर पडल्या, त्या प्रत्येकीत तिचा सहभाग आहे. नागसेनाने राजाला आणखी एक दृष्टान्त दिला होता. आंबे चोरणारा मनुष्य न्यायाधीशापुढे म्हणाला की याने लावले होते ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे. तरीही तो दंडास पात्र ठरतो, कारण तोडलेला आंबा लावलेल्या आंब्याच्याच आश्रयाने झालेला असतो, तो तोच नसतो आणि अगदी अन्यही नसतो. कर्मफलाचा सिद्धान्त बौद्धांनी या ‘तोच नाही, अन्यही नाही’ या संततीच्या विचारावर उभा केला, आणि मला तो एलपी 500 च्या बाबतीत अक्षरशः सत्य वाटतो. तिची संतती एलपी 400 आहे. लावलेला आंबा जमिनीत कुजला यात शोक करण्याजोगे काय आहे? प्रायोगिक नमुना हा खर्ची पडण्यासाठीच असतो; आणि जो नमुना प्रदर्शनातून थेट काचेच्या पेटीत गेला, त्याने आपल्या जन्माचे कार्य अर्धेच केले असे म्हणावे लागेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पंचवीस हजार तासांच्या श्रमांनी, लुप्त होत चाललेली पत्रा ठोकण्याची विद्या पुन्हा हातात घेऊन, जे घडवले गेले, त्याला नुसती नक्कल म्हणून बाजूला सारायचे काय? तसे मी म्हणत नाही. मूळ व्यक्ती नाही हे पूर्णपणे जाणूनच आपण तिच्या प्रतिमेपुढे नम्र होतो, आणि त्या नम्रतेत काही असत्य नसते. नवी पिवळी गाडी ही त्या अर्थाने प्रतिमा आहे, आणि उत्तम प्रतिमा आहे. ती निर्माण करताना कारागिरांनी जुन्यांच्या हाताचे वळण शोधून काढले, हे तर खऱ्या श्राद्धकर्माच्या जवळचे आहे. श्रद्धेने पूर्वजांचे स्मरण करणे, त्यांचे ज्ञान आपल्यात उतरवून घेणे, यापलीकडे श्राद्धाचा तरी आशय कोणता? कारखान्यानेही ही गाडी पुनर्निर्मित आहे हे लपवले नाही, ही त्याच्या प्रामाणिकपणाची पावती दिलीच पाहिजे. माझी चिंता पुढच्या काळाविषयी आहे. आज ज्यांना हकीकत ठाऊक आहे ते जातील, गाडी दोन-चार मालकांच्या हातून फिरेल, पिवळ्या रंगावर काळाचा साज चढेल. आणि मग केसांच्या दृष्टान्तातील भ्रम, सादृश्याला एकत्व समजण्याचा भ्रम, सहज रुजेल. तो रुजला तर अन्याय दोघींवर होईल : जी राबून, फुटून, आपले काम पुरे करून गेली तिचा मृत्यू पुसला जाईल, आणि जी 2021 साली नव्या हातांनी जन्माला घातली त्या हातांचे श्रेय पुसले जाईल.

म्हणून ती गाडी आज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना, आणि पुढे ज्यांच्या ताब्यात जाईल त्यांनाही, एवढीच विनंती आहे की तिच्या चासीवर एक धातूची पट्टी कायमची बसवावी; तीवर 2021 हे वर्ष आणि ज्या कारागिरांनी तिचा पत्रा ठोकला त्या सर्वांची नावे कोरावीत, आणि त्याखाली लिहावे की एलपी 500 ही गाडी 1971 ते 1974 या काळात होती.